डावखुऱ्याची गाठ

नांदीबंदरच्या जुन्या माणसांना दाजीच्या चेहऱ्यापेक्षा त्याची पाठच जास्त आठवते. त्याला कारण खाडीचा रिवाज.

नांदीबंदर म्हणजे बाळकुमच्या खालच्या अंगाला, चिखलात पाय सोडून बसलेला कोळीवाडा. कल्याणच्या बंदरावरून निघालेली खाडी डोंबिवलीला वळसा घालते, मुंब्र्याच्या डोंगराखालून जाते आणि ठाण्याकडे उतरते. तिच्या काठावर कोळ्यांची सात गावं होती. तीन वरची, कल्याण-डोंबिवलीकडची. चार खालची, ठाण्याकडची. जमिनीला बांध घालता येतो, पाण्याला नाही. खालच्या गावाने जाळं लावलं की वरच्या गावाच्या ताटात त्याचा हिशेब उतरायचा. म्हणून वाडवडिलांनी सातही गावांची मिळून एक बैठक ठेवली होती. तिला ‘सातगाव’ म्हणत. कोणी खुंट कुठे रोवायचे, कोणतं जाळं कधी बंद ठेवायचं, हे सातगावात ठरायचं. सरकारी शिक्का नव्हता, पण सातगावाचा शब्द मोडणाऱ्याच्या घरात कोणी मुलगी देत नसे. तेवढा धाक पुष्कळ होता.

पुढे ठाण्याची महापालिका झाली, पाठोपाठ कल्याणची झाली. खालची गावं या साहेबाकडे गेली, वरची त्या साहेबाकडे. खाडी मात्र कोणाच्याच नकाशात धड बसली नाही. ती सातगावाकडेच राहिली.

सातगावात एखादा नवा कायदा करायचा असला की आधी ‘मधला’ नेमत. मधल्याने सातही गावं फिरायची, सगळ्यांचं ऐकायचं आणि कायदा काय असावा ते बैठकीत मांडायचं. ज्याला मधला केला तो त्या कामापुरता आपल्या गावाचा राहायचा नाही. गावातर्फे दुसरा माणूस बसायचा. आणि बैठकीत मधल्याने आपल्या गावाकडे पाठ करून बसायचं. आपल्या माणसांचे डोळे दिसले की जीभ वळते, असं जुनी माणसं म्हणायची. त्यात काही खोटं नव्हतं.

दाजी तीन वेळा मधला झाला. एवढा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नव्हता. भांडण सोडवायला गेला की आधी पाणी मागायचा, ते सावकाश प्यायचा, तोवर भांडणाऱ्यांचा अर्धा जोर उतरलेला असायचा. बायको शेवंती म्हणायची, “लोकांच्या घरी बरी अक्कल सुचते तुमाला. घरी आल्यावर ती होडीतच ठेवून येता का?”

घरी त्याची अक्कल एकाच माणसापुढे चालत नसे. तो म्हणजे धाकटा भाऊ नामा. बाप गेला तेव्हा नामा अजून रांगत होता. दाजीनेच त्याला खांद्यावर वाढवला, पोहायला शिकवलं, जाळं विणायला शिकवलं. नामा डावखुरा. आई त्याचा डावा हात पदराने बांधून ठेवायची; दाजी तो सोडायचा. म्हणायचा, “हात त्याचा हाय, त्याला ठाऊक कंचा चालवायचा ते.” त्यामुळे नामाची प्रत्येक गाठ उलटी पडायची, आरशात बघितल्यासारखी. त्याने बांधलेली होडी दुसऱ्याला पटकन सुटत नसे. नांदीबंदरला काहीही अडकलं, दाराची कडी असो की कोणाचं लग्न, तर बायका हसून म्हणत, ‘नाम्याची गाठ बसली.’ ती पटकन सोडवायचा तो फक्त दाजी.

तिसऱ्या वेळी दाजी मधला झाला ते साल शहाऐंशी. खाडीतला जिताडा दिसेनासा झाला होता. शेवंती वर्तकनगरच्या बिल्डिंगींमधून दारोदार मासळी विकायची, तिथल्या बाया विचारायच्या, “मावशी, जिताडा कुठं गेला?” शेवंती म्हणायची, “माहेरी गेलाय,” आणि कोळंबीवर भागवायची. वरच्या गावांची ओरड त्याहून मोठी होती. जिताड्याची पिल्लं भरतीबरोबर वर चढतात, आणि नेमकी खाडी जिथे अरुंद होते तिथे बोकशीची जाळी लागलेली. बोकशी जवळ्यासाठी लावतात. तिची वीण इतकी बारीक की करंगळीचं नख अडकावं. जवळ्याबरोबर बोटाएवढी पिल्लंही येतात आणि सुकवायला पडतात. कारखान्यांचं पाणीही खाडी मारत होतंच, पण त्यावर सातगावाचा अंमल नव्हता. जाळ्यांवर होता.

ती जाळी ज्या खुंटांना बांधत, ते खुंट नांदीबंदरचे होते. आणि त्यातला सगळ्यात मोक्याचा, ऐन धारेतला, नामाचा.

असला प्रश्न पूर्वी आला असता तर गावागावांचं भांडण झालं असतं. त्यात माणूस निदान कशासाठी भांडतोय ते त्याला कळत असे. पण एव्हाना कोळीवाड्यात पक्ष शिरले होते. खालची चारही गावं एका पक्षाकडे गेली होती, वरची तीन दुसऱ्याकडे. पक्षांची नावं सांगण्यात अर्थ नाही. नाव घेतलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि मासळी बाजूला राहते. त्या वेळीही नेमकं तेच झालं. ठाण्यात महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीचं वारं सुटलं होतं. दाजी खालच्या पक्षाचा जुना माणूस. त्याने रात्र-रात्र जागून नाही, पण भर उन्हात शिडी लावून पक्षाची पोस्टरं चिकटवलेली होती. त्याला पक्षाचं प्रेम होतं, हे सांगायला हवं. नाहीतर पुढच्या गोष्टीला किंमत राहत नाही.

दाजी गावं फिरला. वरच्या गावांचा म्होरक्या भगवान. त्याने दाजीला अंगणात बाज टाकून दिली, चहा दिला आणि म्हणाला, “बोकशी बंद करा. आमी तिघं तुज्यासोबत.”

“पिल्लं वर येतात का अजून?” दाजीने विचारलं. “कंच्या भरतीला दिसतात?”

भगवानला ते नीट सांगता येईना. त्याने दोन वर्षांपूर्वीच वाळूच्या धंद्यात पैसा घातला होता, होडी मेव्हण्याला दिली होती. “ते पोरांना विचार,” तो म्हणाला. “पर त्या हरिहरशेठची जिरली पायजे. नांदीबंदरची मतं त्याचीच ना?”

हरिहरशेठ म्हणजे खालच्या पक्षाचे उमेदवार ठरवणारा माणूस. बाळकुमच्या बाजूला त्याच्या जमिनी होत्या, पांढरे बूट होते. खालच्या गावांमध्ये दाजी जाईल तिथे शेठ आधीच जाऊन आलेला असायचा. लोक म्हणायचे, “दाजी, तू बोलतोस ते खरं हाय. पर शेठ बोल्लेत का आपल्या पक्षाच्या गावावर कायदा बसू द्यायचा नाय.” दोन्हीकडे तोच प्रकार. बाजूने असणारे मासळीसाठी बाजूने नव्हते, विरोधात असणारे मासळीसाठी विरोधात नव्हते. दाजीला याचा संताप यायचा. तो घरी येऊन जेवणाच्या ताटासमोर बसायचा आणि म्हणायचा, “सात गावं फिरलो, जिताड्याचा कोणीच नाय.”

फक्त शेजारच्या गावचा आबा म्हणाला, “पक्ष पावसाळ्यात माज्या घरी चिवणी मासे पाठवत नाय. माजी गाठ तुज्या कायद्याला.” आबा खालच्या बाजूचा. वरची तीन मतं आणि आबाचं एक, म्हणजे सातात चार. कायदा होत होता.

मग एक दिवस हरिहरशेठ स्वतः दाजीच्या ओट्यावर आला.

“दाजी, साधी गोष्ट आहे यार,” शेठ म्हणाला. “कायदा मांड, मी नको बोलतच नाय. फक्त एक ओळ टाक, की जुने खुंट सोडून. म्हणजे तुझ्या भावाचा खुंट वाचला, वरच्यांचं तोंड बंद, आणि वॉर्डात तुझं तिकीट फिक्स समज.”

“सगळेच खुंट जुने हायेत, शेठ.”

“तेच तर बोलतोय मी!”

दाजीने पाणी मागवलं आणि सावकाश प्यायला. मग म्हणाला, “हे काम होऊ द्या. मग पोस्टर लावायला बोलवा, येतो.” शेठ हसला, पण पांढऱ्या बुटांनी तसाच उठला. जाताना तो आबाच्या गावाच्या वाटेने गेला.

नामा आतून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ जाळी सांधत बसले तेव्हा त्याने विचारलं, “दादा, एक वळ टाकली असतीस तर काय बिघडलं असतं?”

“मधल्याने घराची वळ टाकली तर तो मधला कसला?”

“त्या खुंटावर माजं घर चालतं. माजी पोरं हायेत. तूच मना वाढवलंस, तूच माज्या पोटावर पाय देतंस?”

दाजीला जे सुचलं ते चुकीचं सुचलं. “सातगाव संपेपरेंत मधल्याला भाऊ नसतो,” तो म्हणाला.

नामाने जाळं खाली ठेवलं. “मंग भावालाबी मधला नसतो,” तो म्हणाला आणि उठून गेला. त्या दिवसापासून त्याने दाजीशी बोलणं टाकलं. त्याची बायको चंद्रभागा शेवंतीकडे विस्तव मागायलाही येईना. एकाच पडवीला दोन दारं. मधे हातभर भिंत. पण दाजीला वाटे, नामा खाडीच्या पलीकडे राहायला गेला. जेवताना त्याचा हात ताटात तसाच थांबायचा. शेवंती एकदा चिडून म्हणाली, “जा, बोला त्याच्याशी.” दाजी म्हणाला, “बोल्लो तर ती वळ टाकीन, म्हंजे कायदा मोडतो, नाय बोल्लो तर भाऊ.” आणि कायदा मोडला नाही.

त्यात गावाने आणखी एक गंमत केली. दाजी मधला, म्हणून नांदीबंदरतर्फे गाठ मारायला दुसरा माणूस हवा होता. गावाने नामालाच नेमलं.

गाठ मारायची म्हणजे काय ते सांगायला हवं. सातगावात हात वर करत नसत. देवळात देवीपुढे एक जाड दोर ठेवत. प्रत्येक गावाचा माणूस एकटा आत जायचा आणि दोरावर वाटेल तिथे एक गाठ मारून यायचा. कायदा मान्य असेल तर निरगाठ, नसेल तर सुरगाठ. कोणी कोणती मारली ते कोणाला कळायचं नाही. मग तो दोर मधल्याच्या हाती यायचा. दोराच्या एका टोकाला शिशाचा गोळा असे. तो डाव्या हाताला ठेवूनच गाठ मारायची आणि डाव्या हाताला ठेवूनच ओढायची. मधला एकेक गाठ चिमटीत धरायचा आणि उजवीकडचं टोक सगळ्यांसमोर ओढायचा. सुटली तर विरोध, घट्ट बसली तर होकार. आणि एक सक्त नियम होता. मधल्याने गाठ ओळखायची नाही. जुनी माणसं इतकं म्हणायची की मधल्याला बोटं असतात, डोळे नसतात.

होळीच्या आधी भगवानच्या गावात सातगाव बसलं. भर दुपारची वेळ, देवळासमोर मांडव. नांदीबंदरची माणसं होड्यांनी आली होती. दाजी त्यांच्याकडे पाठ करून मधे बसला. त्याने कायदा मांडला. होळीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत अरुंद धारेत बोकशी लागणार नाही. एकही खुंट वगळला नाही. पाठीमागे कुजबुज झाली. ती कोणाची होती ते त्याला बघता येत नव्हतं. नामा कुठे बसलाय, तेही नाही.

सातही जण आत जाऊन आले. दोर दाजीच्या मांडीवर आला.

पहिली गाठ बसली. दुसरी सुटली. तिसरी, चौथी बसल्या. पाचवी सुटली. सहावीही सुटली. तीन होकार, तीन विरोध. सातव्या गाठीला दाजीने चिमटी लावली. गाठ उलटी होती.

सुरगाठीला दोन टोकं असतात. एक ओढलं की ती सुटते, दुसरं ओढलं की आवळते. बाकीच्यांनी उजव्या हाताने मारलेल्या सुरगाठी उजव्या टोकाने सुटत होत्या. नामाची डाव्या टोकाने सुटणार होती. नामा याआधी कधी सातगावात गाठ मारायला आला नव्हता. दरवेळी दाजी असायचा, तो मधला असला तर दुसरा कोणी. म्हणून या गोष्टीचा विचार कोणीच केला नव्हता, नामानेही नाही. त्याने आपल्या सवयीने सुरगाठ मारली होती.

आता दाजीने काहीच वेगळं करायचं नव्हतं. रिवाजाप्रमाणे उजवं टोक ओढायचं, बस्स. गाठ आवळली असती, चार होकार झाले असते, कायदा झाला असता. ज्या कायद्यासाठी तो उन्हातान्हात फिरला, ज्याच्यापायी भावाला मुकला, तो कायदा नुसत्या रिवाजाने त्याच्या पदरात पडत होता. त्याला दोष देणारं कोणी नव्हतं. उलट दुसरं टोक ओढलं तर आपण गाठ ओळखली, हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागणार होतं.

दाजीने पाणी मागितलं. गडव्यातून सावकाश प्यायला. मग त्याने गाठ दुसऱ्या चिमटीत घेतली आणि डावीकडचं टोक ओढलं.

गाठ सुटली. कायदा पडला.

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग भगवान उठला. “सहा गाठी एका टोकानं, सातवी दुसऱ्या? ह्यो कंचा रिवाज?”

“ती डावखुऱ्याची गाठ हाय,” दाजी म्हणाला. “त्याची ‘नाय’ उलट्या टोकानं सुटते.”

“म्हंजे तू वळखलीस! मधला गाठ वळखतो का रे?”

“वळखली,” दाजी म्हणाला. “वळखून खोटी मोजली असती, तर ते तुमाला चाललं असतं का?”

“भावाला वाचवलंस, आनी वर शानपना शिकवतंस!”

मांडवात गोंधळ झाला. वरच्या गावांनी दाजीवर थुंकायचंच तेवढं बाकी ठेवलं. पण दाजीला ते लागलं नाही. लागलं ते दुसरंच. पाठीमागून नांदीबंदरची माणसं धावत आली आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. “आपला मानूस!” ती ओरडत होती. “शेवटी आपला तो आपला!” हरिहरशेठने बंदरावर हार तयार ठेवला होता. दाजीने तो गळ्यात घालून घेतला नाही, हातात घेतला आणि होडीच्या खुंटीला अडकवला. दोन्ही बाजूंनी एकच समजूत करून घेतली होती, आणि ती दोन्हीकडे सारखीच चुकीची होती. दाजीला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगायचं कोणाला? घरी आल्यावर तो शेवंतीला म्हणाला, “आज मना लाज वाटली.” शेवंतीने पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

पुढचं आधीच सांगून टाकावं. दाजी पुन्हा कधी मधला झाला नाही. गाठ ओळखणाऱ्याला मधला करत नाहीत. तिकीट दुसऱ्याला मिळालं, दाजीने त्याचीही पोस्टरं चिकटवली. सातगाव आणखी तीनचार वर्षं कसंबसं बसलं, मग दोन्ही पक्षांची दोन सातगावं झाली आणि मग एकही राहिलं नाही. नव्वदनंतर बाळकुमच्या बाजूला बिल्डिंगी उठल्या, खाडीत भराव पडला. जिताडा म्हणावा तसा परत आला नाही.

पण त्या शहाऐंशी सालची होळी झाली, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी दाजी ओट्यावर दात घासत होता. मधल्या भिंतीपलीकडचं दार वाजलं. नामा खांद्यावर दोर टाकून समोर येऊन उभा राहिला. खूप दिवसांनी तो दाजीच्या तोंडाकडे बघत होता.

“ओहोटी लागलेय,” नामा म्हणाला. “खुंट काढाला दोघं लागतात.”

दाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “कंचा खुंट?”

“माजा.”

“कायदा नाय झाला, नामा.”

“ठाव हाय. मीच पाडला.” नामाने दोर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. “तू पाणी मागितलंस तवा मना कललं का मी उलटी मारलेली. मी बसलेलो तुज्या पाठीमागं. बोल्लो, झालं आता, दादा वढील आनी कायदा होईल, आनी मना त्वांड उघरता यायचं नाय. तू टोक बदललंस. गावाला वाटतं तू माज्यासाठी बदललंस. मी गावाला काय सांगू? तुला कायदा पायजे होता, ते माज्याशिवाय कोनाला ठाव हाय?”

दाजीने तोंड धुतलं. जरा जास्तच वेळ धुतलं.

दोघे होडी घेऊन धारेत गेले. खुंट उपटायची रीत अशी, की ओहोटीच्या तळाला होडी खुंटाला आवळून बांधायची आणि थांबायचं. भरती चढते, होडी उचलली जाते आणि चिखलातला खुंट सैल होऊन वर येतो. नामाने दोर बांधला. मग दोघे होडीत बसून राहिले. शेवंतीने दिलेली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. नांदीबंदरचे बाकीचे खुंट आजूबाजूला तसेच उभे होते. ते तसेच राहणार होते, हे दोघांनाही माहीत होतं.

“पोरांचं काय करशील?” दाजीने विचारलं.

“नारली पुनवेपरेंत तुज्या होडीवर येतंव. घेशील ना?”

“घेतो.”

पाणी चढलं. होडी कण्हली, एका बाजूला कलली, आणि बापाच्या वेळचा तो खुंट चिखल सोडून वर आला. आता दोर सोडायचा होता. नामाने हात पुढे केला, पण दाजीने त्याला थांबवलं. भिजलेल्या गाठीवर बोट फिरवून त्याने न बघताच डावीकडचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ सुटली, आणि दोघे भाऊ खुंट होडीला लावून घरी आले.